तुमसरचे मँगनीज आणि शीतयुद्धाचा उगम

१९४८ च्या अखेरीस सोव्हिएत संघाने अमेरिकेला मँगनीज विकणे आवरते घेतले आणि पुढच्या वर्षभरात ही विक्री जवळजवळ बंद पडली. तोवर अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे एक तृतीयांश माल सोव्हिएत खाणींतला असे. बर्लिनची नाकेबंदी चालू होती, युरोपची उभारणी अमेरिकेच्या पैशाने नुकतीच सुरू झाली होती, आणि अशा वेळी पोलादाच्या भट्ट्या थंड होऊ देणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. तिचे खरेदीदार भारत, दक्षिण आफ्रिका, गोल्ड कोस्ट आणि ब्राझील यांच्याकडे वळले. त्यांत भारताचा क्रमांक लवकरच पहिला लागला. भारताचे सर्वांत चांगले मँगनीज ज्या पट्ट्यातून निघे, त्याचा मधला तुकडा भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आहे. चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही त्यातली गावे. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवलशाही आणि साम्यवादी महासत्तांमध्ये जे वैर उभे राहिले, त्याच्या आरंभीच्या वर्षांशी या गावांचा संबंध आला तो असा, दगडाच्या वाटेने.

मँगनीज हा पोलादाचा अटळ सोबती आहे. वितळलेल्या लोखंडातले गंधक आणि प्राणवायू यांना तो बांधून ठेवतो. गंधक मोकळे राहिले तर तापलेले पोलाद लाटताना तडकते. साध्या पोलादाच्या एका टनाला सहा-सात किलो मँगनीज पुरते, म्हणजे प्रमाण किरकोळ. पण त्याऐवजी दुसरे काही घालून चालत नाही. रेल्वेचे सांधे, दगड फोडणारी यंत्रे यांना लागणाऱ्या खास पोलादात तर त्याचा वाटा १२ ते १४ टक्क्यांपर्यंत जातो. कोरड्या विजेरीतही मँगनीजचे डायऑक्साइड लागते. जगातले सर्वांत जास्त पोलाद बनवणाऱ्या अमेरिकेकडे चांगल्या प्रतीचे मँगनीज जवळपास नव्हतेच. गरजेच्या नऊ दशांशांहून अधिक माल तिला समुद्रापलीकडून आणावा लागे. सोव्हिएत संघाकडे मात्र ते दोन ठिकाणी भरपूर होते: जॉर्जियातले चिआतुरा आणि युक्रेनमधले निकोपोल.

भारतातला पट्टा सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने छिंदवाड्यापासून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरला आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मॉर याने १९०९ मध्ये भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाला, गोंडांच्या प्रदेशावरून, ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते नाव भूशास्त्रात आजही चालते. खाणींचा धंदा त्याआधीच सुरू झाला होता. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने मध्य प्रांतातल्या उत्तम जागा मिळवल्या. हीच संस्था पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. नोंदणी ब्रिटनमधली, भांडवल ब्रिटनमधले, आणि डोंगर भंडारा-बालाघाटचे.

काम बहुतेक उघड्या खाणींत चाले. सुरुंग लावून डोंगराची कड पाडायची, पहारी-घणांनी ढेकळे फोडायची, मग रेजा, म्हणजे मजूर स्त्रिया, बसून चांगला माल आणि निकामी दगड हातांनी वेगळे करायच्या. या रेजांच्या नजरेवर मालाची प्रत ठरे. मजूर गोंड, आसपासच्या गावांतले भूमिहीन आणि छत्तीसगडकडून आलेले. त्यांची गाठ कंपनीच्या साहेबाशी क्वचित, ठेकेदार आणि मुकादमाशी रोजची. तुमसर हे धानाच्या बाजारपेठेचे गाव. बंगाल नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर तुमसर रोड स्थानक, आणि तिथून गोबरवाहीवरून तिरोडीकडे जाणारा फाटा खाणींना मुख्य मार्गाशी जोडे. माल मुंबईला किंवा कलकत्त्याला जाई. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, ते उभारण्यामागे मध्य प्रांताच्या मँगनीजला जवळचा समुद्र मिळावा हा मोठा हेतू होता. म्हणजे तुमसरच्या दगडासाठी रेल्वे आली आणि बंदरही आले. लोखंडाची भट्टी मात्र कित्येक दशके आली नाही.

जॉर्जिया आणि मध्य प्रांत यांची स्पर्धा शीतयुद्धापेक्षा जुनी होती. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या बाजारात हेच दोन मोठे विक्रेते. क्रांतीच्या धामधुमीत चिआतुराचे काम कोलमडले तेव्हा भारतीय मालाला बरे दिवस आले. मग १९२५ मध्ये सोव्हिएत सरकारने चिआतुराचा खाणपट्टा वीस वर्षांच्या करारावर एका अमेरिकन धनिकाला दिला. त्याचे नाव ॲव्हरेल हॅरिमन. साम्यवादी सरकारने भांडवलदाराला खाण द्यावी हे त्या काळच्या रशियात अगदीच विचित्र नव्हते. देशाला परकीय चलन हवे होते. पण बाजारात मँगनीजचे भाव पडले, सोव्हिएत सरकारने निकोपोलचा माल स्वतः स्वस्तात विकायला काढला आणि १९२८ मध्ये हॅरिमनने करारातून अंग काढून घेतले. या स्वस्त मालाचा आणि पाठोपाठच्या महामंदीचा तडाखा भारतालाही बसला. १९२७ मध्ये भारताचे उत्पादन ११ लाख टनांच्या वर होते. १९३२ मध्ये ते दोन लाख टनांच्या थोडे वर उरले. मध्य प्रांतातल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या.

हाच हॅरिमन ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून मॉस्कोला गेला आणि जानेवारी १९४६ पर्यंत तिथे होता. महायुद्धातली मैत्री ज्या महिन्यांत विटली, ते महिने त्याने स्टालिनच्या समोर बसून काढले.

ही मैत्री मुळात एका शत्रूपुरती होती. युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. पश्चिमेकडून पुन्हा कोणी चालून येऊ नये म्हणून सीमेलगतची राज्ये आपल्या कह्यात हवीत, असा स्टालिनचा आग्रह होता. अमेरिकेची भूमी अबाधित होती, कारखाने पूर्ण जोरात होते, आणि तिला जगभर खुला व्यापार व निवडून आलेली सरकारे हवी होती. तिच्या धोरणात तत्त्व आणि हित एकाच दिशेने जात होते, म्हणून तिला त्यांतला फरक फारसा जाणवला नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचे ठरले, पण त्या कोणी आणि कशा घ्यायच्या हे मोघम ठेवले गेले. जर्मनीकडून घ्यायच्या भरपाईचा सोव्हिएत आकडा होता २० अब्ज डॉलरचा, त्यातला अर्धा स्वतःसाठी. तो केवळ चर्चेचा पाया म्हणून नोंदला गेला. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन परतावे इतके ते शब्द सैल होते.

याच वेळी पैशाचाही एक प्रश्न उभा होता. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवने हॅरिमनकडे ६ अब्ज डॉलर कर्जाची मागणी ठेवली. अमेरिकेचा अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ याने त्याहून मोठी, १० अब्ज डॉलरची योजना सुचवली होती: मुदत लांब, व्याज कमी, आणि परतफेड मुख्यतः अमेरिकेला तुटवडा असलेल्या कच्च्या मालाच्या रूपाने. ही योजना मार्गी लागली असती तर चिआतुरा-निकोपोलचे मँगनीज वर्षानुवर्षे अमेरिकेला जात राहिले असते आणि दोन्ही देश एकमेकांच्या देण्याघेण्यात अडकून राहिले असते. तेवढ्याने वैर टळले असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण हॅरिमनचे मत मॉर्गेन्थाऊपेक्षा वेगळे होते. कर्ज द्यायचे तर पूर्व युरोपातल्या वर्तणुकीकडे पाहून, असा त्याचा सल्ला होता. एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारला, ट्रुमन आला, आणि मे १९४५ मध्ये जर्मनी शरण येताच लेंड-लीजची, म्हणजे युद्धासाठी उसनवार दिली जाणारी, मदत इतक्या तडकाफडकी कापली गेली की निघालेली जहाजेही अडवली गेली. ती चूक लगेच दुरुस्त केली, तरी मॉस्कोत त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला गेला. कर्ज कधीच मिळाले नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला नेते भेटले तेव्हा अणुबाँबची चाचणी झालेली होती. ६ ऑगस्टला हिरोशिमा. पुढच्या वर्षी शब्दांची चकमक सुरू झाली. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी स्टालिनने भांडवलशाहीत युद्धे अटळ असतात अशा अर्थाचे भाषण केले. २२ फेब्रुवारीला मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन याने एक लांबलचक तार पाठवली. हॅरिमन गेल्यावर वकिलातीचा कारभार त्याच्याकडे होता. सोव्हिएत राजवटीला बाहेरचा शत्रू हवाच असतो, तिच्याशी समझोता होणार नाही, मात्र ठाम विरोध दिसला की ती मागे सरते, असे त्याचे निदान होते. ५ मार्चला चर्चिलने फुल्टन इथे पोलादी पडद्याची भाषा वापरली. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत नोविकोव याने आपल्या सरकारला असाच अहवाल धाडला, त्यात जगावर प्रभुत्व गाजवू पाहणारी सत्ता अमेरिका होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोन वकिलातींना एकमेकांच्या राजधानीत आपलीच भीती दिसत होती असे वाटते.

१२ मार्च १९४७ रोजी ट्रुमनने ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. ५ जूनला त्याचा परराष्ट्रमंत्री मार्शल याने युरोपच्या पुनर्बांधणीची योजना मांडली. सोव्हिएत संघालाही तिचे निमंत्रण होते. मोलोतोव पॅरिसला आला आणि जुलैच्या आरंभी उठून गेला. पूर्व युरोपातल्या सरकारांनाही मॉस्कोने योजनेत शिरू दिले नाही. सप्टेंबरमध्ये युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांचे कॉमिनफॉर्म स्थापन झाले. तिथे सोव्हिएत नेता झ्दानोव याने जग दोन छावण्यांत वाटले गेल्याचे जाहीर केले. या सिद्धांताचा प्रतिध्वनी भारतात मराठी माणसाच्या तोंडून उमटला. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन झाले, बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाने नेहरू सरकारला भांडवलदारांच्या छावणीत घालून उठावाचा मार्ग धरला. या मार्गाने पक्षाची इतकी हानी झाली की १९५० मध्ये रणदिव्यांना पदावरून जावे लागले.

१९४८ मध्ये व्यापार हे हत्यार झाले. फेब्रुवारीत प्राग इथे कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. १ मार्चपासून अमेरिकेने युरोपकडे जाणाऱ्या मालाला परवाना सक्तीचा केला; नाव सगळ्या युरोपचे, रोख सोव्हिएत गटावर. यंत्रे, सुटे भाग, अवजड हत्यारे यांची निर्यात घटत गेली. त्या काळात अमेरिकेचा व्यापारमंत्री होता हॅरिमनच. २४ जूनला सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. पुढे जवळपास वर्षभर विमानांच्या २ लाख ७७ हजारांहून अधिक फेऱ्यांनी शहराला कोळसा आणि अन्न पुरवले. याच नाकेबंदीच्या काळात सोव्हिएत संघाने यंत्रबंदीची परतफेड मँगनीज आणि क्रोम रोखून केली. बर्लिनचा वेढा १२ मे १९४९ रोजी उठला. मँगनीजचा उठला नाही. अमेरिकेने १९४६ मध्येच युद्धोपयोगी मालाचा साठा करण्याचा कायदा केला होता, पण त्या साठ्यात रोजच्या वापरापलीकडचे मँगनीज भरायचे तर आता रशिया वगळूनच.

भारताने या दोन छावण्यांपासून दूर राहायचे ठरवले होते. नेहरूंनी ७ सप्टेंबर १९४६ रोजी, अंतरिम सरकारचे प्रमुख म्हणून केलेल्या पहिल्याच नभोवाणी भाषणात तसे सांगितले होते. पण मँगनीजच्या बाबतीत धोरण एक आणि मालगाडी दुसरीकडे, असे झाले. माल ब्रिटिश कंपनीचा, परवाना भारत सरकारचा, ग्राहक अमेरिकन पोलाद कारखाने. डॉलरची देशाला नितांत गरज होती आणि तुमसरचा दगड डॉलर आणत होता. अलिप्तता म्हणजे कोणाला काही विकायचे नाही असे नव्हतेच. तरी १९४९ ते १९५३ या काळात भारतीय मँगनीजने व्यवहारात एका छावणीची उणीव भरून काढली हे मान्य करावे लागते. सोव्हिएत संघाने यावर भारताशी वाद घातल्याचे दिसत नाही. तेव्हा मॉस्कोच्या लेखी नेहरूंचा भारत तसाही ब्रिटिश-अमेरिकन गोटातलाच होता.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध भडकले आणि मागणी आणखी चढली. भाव वाढले. मोठ्या कंपनीबरोबर लहान खाणमालकांनी आणि ठेकेदारांनी सोडून दिलेले खड्डेही पुन्हा उकरायला घेतले. जुन्या ढिगाऱ्यांत टाकून दिलेला हलका माल वेचून विकला जाऊ लागला. १९५३ पर्यंत भारताचे उत्पादन सतत वाढत गेले. धानाची लावणी-कापणी संपली की हाताला काम नसलेल्या तुमसर-मोहाडीकडच्या कुटुंबांना खाणीचा रोजगार हा आधार होता, मजुरी तुटपुंजी असली तरी.

त्याच वेळी देशात धान्य नव्हते. डिसेंबर १९५० मध्ये वॉशिंग्टनमधील भारताच्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ट्रुमनने ही मागणी काँग्रेसपुढे ठेवली आणि तिथे महिनोन्‌महिने वाद झाला. कोरियाच्या प्रश्नावर भारत अमेरिकेच्या पाठीशी उभा राहत नाही, चीनला मान्यता द्या म्हणतो, मग गहू कशाला, असे काही सभासदांचे म्हणणे. द्यायचाच तर मोबदल्यात मँगनीज, बेरिल आणि केरळच्या किनाऱ्यावरचे मोनाझाइट घ्या, असे इतरांचे. मोनाझाइटमध्ये थोरियम असते, आणि अणुशक्तीशी संबंधित द्रव्ये कोणालाही न देण्याचे भारताचे धोरण होते. नेहरूंनी ते सोडले नाही. मँगनीजची गोष्ट निराळी होती, ते अमेरिकेला जातच होते. जून १९५१ मध्ये ट्रुमनने कायद्यावर सही केली: १९ कोटी डॉलरचे कर्ज, आणि परतफेडीत कच्चा माल घेण्याची सोय. दरम्यान सोव्हिएत संघानेही गहू देऊ केला आणि त्याची जहाजे मुंबईला लागली. प्रमाण लहान होते, पण अमेरिकेतील चर्चेला वेग यायला तेही कारणीभूत झाले. सहा वर्षांपूर्वी मॉर्गेन्थाऊने रशियासाठी आखलेली तऱ्हा, कर्ज द्या आणि खनिज घ्या, शेवटी दुसऱ्याच देशाच्या वाट्याला आली.

या जागतिक वादाचा राजकीय प्रतिध्वनी भंडारा जिल्ह्यात उमटला तो १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत. पोटनिवडणुकीचे कारण मात्र अस्सल इथले होते: विडी. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत द्विसदस्य भंडारा मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते. विडीच्या ज्या पेढीत ते भागीदार होते, तिचा सैनिकांच्या कँटीनला विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता; त्यामुळे ते अपात्र ठरतात, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९५४ च्या निकालात मान्य केला. महानुभाव पंथ स्वीकारल्याने महार उमेदवाराची जात बदलते का, हाही प्रश्न त्याच खटल्यात होता, आणि न्यायालयाने बदलत नाही असे म्हटले. निवडणूक रद्द झाली.

नव्या निवडणुकीत राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघेही १९५२ मध्ये मुंबईत हरलेले. आंबेडकर तेव्हा राज्यसभेचे सभासद होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते: या धोरणाने देशाला मित्र राहिले नाहीत, म्हणून ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी लष्करावर घालावे लागतात, असा त्यांचा हिशेब होता. भंडाऱ्याच्या प्रचारातही त्यांनी सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली. ते आठवडेही तसेच होते. २९ एप्रिलला भारत आणि चीन यांनी तिबेटविषयक करार करून पंचशील, म्हणजे सहजीवनाची पाच तत्त्वे, मान्य केली, ७ मे रोजी व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू पडले, १९ मे रोजी पाकिस्तानने अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला. निवडणुकीत अशोक मेहता जिंकले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना मिळाली. आंबेडकरांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव झाला. लोकसभेत जाण्याचा त्यांचा तो शेवटचा प्रयत्न. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी हीच भूमिका विस्ताराने मांडली. साम्यवादाशी सहजीवन शक्य आहे का, असा त्यांचा सवाल होता. आग्नेय आशियाच्या संरक्षण संघटनेपासून दूर राहण्यालाही त्यांनी आक्षेप घेतला, आणि माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना निराळ्या रीतीने वागवले असते, असे बजावले. १९६२ नंतर हे भाषण पुष्कळदा आठवले गेले.

अशोक मेहतांची वाट वेगळी. जून १९५३ मध्ये बैतूल इथे त्यांनी मांडले होते की मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षानेही विकासाच्या कामात सरकारशी सहकार्य करावे. पक्षात त्यावरून मोठी खडाजंगी झाली. त्यांच्या समाजवादाला सोव्हिएत नमुना मान्य नव्हता, आणि अमेरिकेशी व्यवहार करण्याचे त्यांना वावडेही नव्हते. १९६३ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, पुढे केंद्रात मंत्री. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध केला नाही, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले.

मँगनीजची तेजी निवडणुकीच्या आधीच ओसरू लागली होती. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाली. अमेरिकेचे साठे भरत आले होते, आणि एका देशावर पुन्हा विसंबायचे नाही हा धडा तिच्या कंपन्यांनी घेतला होता. त्यांनी जवळच्या आणि आपल्या भांडवलाच्या खाणी उघडल्या: ब्राझीलमधल्या अमापाचा माल १९५७ पासून आणि आफ्रिकेतल्या गॅबनचा १९६२ पासून बाजारात आला. सोव्हिएत मालही पश्चिम युरोपात पुन्हा दिसू लागला. तुमसरचा दगड रेल्वेने शेकडो किलोमीटर जाऊन मग जहाजावर चढायचा. भाव उतरताच हे अंतर नडू लागले. कोरियाच्या तेजीत उघडलेले लहान खड्डे पहिल्यांदा बंद पडले. १९५४ च्या पीएल-४८० कायद्यात अमेरिकेचे उरलेले धान्य देऊन मोबदल्यात साठ्यासाठी खनिज घेण्याची तरतूद होती, तिने काही विक्री टिकली इतकेच.

मग गिऱ्हाईक घरातच तयार झाले, आणि तेही शीतयुद्धाच्याच कृपेने. स्टालिन १९५३ मध्ये वारला होता आणि नव्या सोव्हिएत नेत्यांना अलिप्त भारत आता उपयोगाचा वाटत होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तो मुंबई-हावडा मार्गावरच, तुमसर रोडच्या पूर्वेला आहे. त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी सोव्हिएत मँगनीजची जागा घेण्यासाठी अमेरिकेला गेलेला माल आता सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भट्ट्यांना हवा होता. तुमसरजवळ माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखानाही उभा राहिला. या सगळ्या काळात जिल्ह्याचे राज्य तीनदा बदलले: १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र.

खाणींची मालकी शेवटी बदलली. १९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीची मालमत्ता मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड या नव्या कंपनीकडे आली. ५१ टक्के भाग केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ मध्ये तेही ४९ टक्के भारत सरकारने घेतले. हीच आजची मॉयल. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तिच्या भंडारा जिल्ह्यातल्या खाणी. डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड प्रतीचे मँगनीज विजेऱ्यांच्या कारखान्यांना जाते, आणि उरलेला बहुतेक माल देशातल्या फेरोमँगनीज आणि पोलाद कारखान्यांना.